उन्हाळ्यात कुंडीतले कंद: पाणी कधी द्यायचं आणि हात कधी आवरायचा

पत्र

"नमस्कार. आम्ही उदगीर तालुक्यात राहतो. पाडव्याला माहेरी गेले होते तेव्हा वहिनीनं ओंजळभर बारके कंद दिले. पावसाळ्यात गुलाबी फुलं येतात, पात कांद्याच्या पातीसारखी असते, नाव तिलाही माहीत नाही. मी रंगाच्या रिकाम्या बादल्या घेतल्या, शेतातली काळी माती भरली आणि गच्चीवर लावले. ऊन बघून राहवेना म्हणून सकाळ-दुपार पाणी घालत गेले. पात पिवळी पडली. परवा उकरून पाहिलं तर निम्मे कंद लिबलिबीत, वास मारणारे. त्याच सुमारास मोबाइलवरून 'उन्हाळी फुलांचे मिश्र कंद' असं पाकीट मागवलं होतं. त्यात ट्युलिप, डॅफोडिल, ग्लॅडिओलस होते. काही उगवलेच नाहीत, काहींची पानं वर येऊन करपली. आमच्याकडं आठ दिवसांनी टँकर येतो. ह्यांचं म्हणणं, प्यायला पाणी नाही आणि तू फुलांना ओततेस. ते चूक बोलत नाहीत, म्हणून जास्त वाईट वाटतं. आमच्या हवेत लहान कुंडीत उन्हाळ्यात फुलणारं काही येतं का, की नाद सोडावा? शेजारच्या मावशी कळलावीचा कंद देते म्हणतात, तो घ्यावा का? घरात दीड वर्षाची नात आहे."

उत्तर

ताई, नाद सोडू नका. टँकरवर दिवस काढणाऱ्या घरानं कुठलं फुलझाड ठेवावं असं मला कुणी विचारलं, तर मी वहिनींनी दिलेल्याच कंदांचं नाव घेईन. वर्णनावरून ती रेन लिली आहे. आपल्याकडं पावसाळी लिली म्हणतात. मूळची अमेरिका खंडातली, पण आपल्या गावांत इतकी रुळली आहे की तुळशीवृंदावनाच्या कडेला, शाळेच्या अंगणात, देवळाच्या ओट्याखाली ती कुणी न लावता आल्यासारखी दिसते. वर्षातले कित्येक महिने तिच्याकडं कुणी बघत नाही. पहिला दणकून पाऊस झाला की चार-पाच दिवसांत एकदम फुलं.

ही सवयच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कंद असलेलं झाड कोरड्या दिवसांसाठीच तयार झालेलं असतं. ओल आणि अन्न पोटात साठवायचं, पात वाळू द्यायची आणि जमिनीखाली गप्प पडून राहायचं. या दिवसांत त्याला पाणी नको असतं. तुम्ही मायेनं सकाळ-दुपार पाणी घातलंत आणि ते पाणी त्याला पेलवलं नाही.

नेमकं काय झालं ते समजलं की पुढचं सगळं सोपं होईल. कंदालाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमध्ये हवा असते, तिच्यावर तो जगतो. आपली काळी माती फार बारीक कणांची. ओली झाली की फुगते आणि हवेच्या जागा बुजतात. त्यातून माती तापली की कंदाचा श्वासोच्छ्वास वाढतो, म्हणजे हवा जास्त लागते, आणि नेमकी तेव्हाच गरम पाण्यात हवा कमी विरघळते. स्लॅबवर ठेवलेली प्लास्टिकची बादली, आत ओली काळी माती आणि वर एप्रिलचं ऊन. झाकण घातलेल्या पातेल्यात बटाटे उकडावेत तसे कंद त्यात उकडतात. मग कुजवणाऱ्या बुरशा आणि जिवाणू आपलं काम करतात. पात पिवळी पडली ती तहानेनं नव्हे, मुळं कुजायला लागली म्हणून. तुम्हाला ती तहान वाटली आणि पाणी वाढलं. ही फसगत कुणाचीही होते, कारण वरून दोन्ही लक्षणं एकसारखीच दिसतात. ओळखायचं एकच साधन, बोट. दोन पेरं बोट मातीत घाला. खाली गार ओल लागत असेल आणि तरी पात पिवळी असेल, तर पाणी बंद.

उरलेले कंद आजच बाहेर काढा. एकेक हातात घेऊन हलकेच दाबा. टणक असेल तो निरोगी. लिबलिबीत आणि वासाचा असेल तो फेकून द्या, खताच्या खड्ड्यातसुद्धा नको. मधले काही असतील, वरचे पापुद्रे सडलेले पण आतून घट्ट. ते पापुद्रे सोला आणि कंदाचं बूड बघा, म्हणजे मुळं फुटतात ती खालची चकती. ती टणक आणि पांढरट असेल तर तो कंद वाचतो. बूड मऊ झालं असेल तर वरचा भाग कितीही चांगला दिसो, आशा नाही. वाचलेले कंद सावलीत, वारं लागेल अशा जागी, सुपात किंवा वर्तमानपत्रावर तीन-चार दिवस सुकू द्या. शेतातल्या बियाण्याला लावायची बुरशीनाशकाची भुकटी घरात असेल तर हातमोजे घालून चिमूटभर चोळा. नसेल तरी चालेल, नीट सुकवणं जास्त महत्त्वाचं. राख मात्र लावू नका. त्याचं कारण खाली येईल.

आता पाकिटाबद्दल. त्यावर 'उन्हाळी' लिहिलं होतं, पण तो उन्हाळा आपला नव्हे. युरोपातल्या बागकामात उन्हाळा म्हणजे वीस-पंचवीस अंशांचे, सकाळी दव असलेले लांब दिवस. तिथं ग्लॅडिओलस आणि डेलिया उन्हाळ्यात फुलतात. आपल्याकडं तशी हवा दिवाळी ते होळी असते, आणि थोडीफार श्रावण-भाद्रपदात. म्हणून ग्लॅडिओलस आपल्याकडं पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावायचा. तुमच्या पाकिटातले ग्लॅडिओलसचे गड्डे दाबून बघा. टणक असतील तर करपलेली पानं कापा, गड्डे सुकवा, कापडी पिशवीत घालून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात टांगा आणि दसऱ्यापर्यंत विसरा. ट्युलिप आणि डॅफोडिलची गोष्ट वेगळी. त्यांना फुलण्याआधी कित्येक आठवड्यांची सलग कडक थंडी लागते. ट्युलिपला तर साधारण १२ ते १६ आठवडे दहा अंशांच्या खालची. उदगीरला पौषातल्या काही पहाटे बोचऱ्या असतात, पण तेवढ्यानं भागत नाही. शीतपेटीत ठेवून फसवता येतं असं लोक सांगतात. भाजी ठेवायच्या जागेत तीन महिने कंद ठेवून शेवटी एक अशक्त फूल मिळवण्यात मला काही राम वाटत नाही. ते कंद गेले असं समजा, आणि पुन्हा पाकीट मागवताना वरचा फोटो न बघता आतल्या झाडाचं नाव वाचा.

तर आपल्या हवेत, लहान कुंडीत, होळीपासून गणपतीपर्यंतच्या दिवसांत काय फुलतं? सगळ्यात आधी पावसाळी लिलीच, कारण ती तुमच्या हातात आहे.

वाचलेले कंद आठ इंची कुंडीत आठ-दहा असे दाटीनं लावा. या लिलीला गर्दी आवडते. मोकळंढाकळं लावलं तर ती आधी पिल्लं घालून जागा भरते आणि फुलांचं मग बघते. कंदाची मान मातीच्या पातळीला येईल किंवा वर बोटभर माती राहील इतकंच खोल. फार खोल पुरलेला कंद पात देतो, फूल देत नाही. लावल्यावर एकदा अर्धा तांब्या पाणी द्या म्हणजे माती बसेल. मग कुंडी सावलीत सरकवा आणि थांबा. या थांबण्याच्या काळात आठ-दहा दिवसांतून एकदा अर्धा पेला पाणी पुरतं, तेही कंद सुरकुतू नयेत म्हणून. पात वाळली तर वाळू द्या. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या आसपास लागतं, मृग ७-८ जूनला. त्या दरम्यान वळवाचा पहिला जोरदार पाऊस येईल तेव्हा कुंडी उघड्यावर ठेवा. कोरड्या विश्रांतीनंतर एकदम मिळालेली भरपूर ओल हा तिला फुलायचा इशारा असतो. आधी पात येईल, नाहीतर आधी कळीच येईल, दोन्ही प्रकार होतात. पहिल्या वर्षी, तेही आजारातून उठलेल्या कंदांकडून, फार अपेक्षा ठेवू नका. काही कंद नुसती पात देऊन ताकद भरून घेतील. ते ठीक आहे.

पुढच्या वर्षीसाठी एक युक्ती सांगते. टँकरच्या पाण्यात हीच मला सगळ्यात उपयोगाची वाटते. कुंड्या चार असतील तर चौघींना एकाच दिवशी पाणी देऊ नका. एकीला तीन-चार आठवडे जवळजवळ कोरडी ठेवा, मग एका पहाटे खालून निथळेपर्यंत पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. बाकीच्या विश्रांतीत. पुढच्या आठवड्यात दुसरीची पाळी. अशानं चैत्र-वैशाखातही कुठल्या ना कुठल्या कुंडीत फुलं दिसतात. पावसाच्या पाण्यानं येतात तितकी भरभरून नाही येत, पण येतात. फूल दीड-दोन दिवसच टिकतं, म्हणून ही पाळी लावण्यात खरी मजा आहे.

हिशोबच मांडायचा तर आठ इंची कुंडी पूर्ण भिजायला दीड-दोन तांबे पाणी लागतं, तेही महिन्यातून दोनदा. हे आकडे घरात सांगा. तुमच्या यजमानांचं म्हणणं रास्त आहे आणि त्याला मान द्यायलाच हवा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. मी कुणालाही पिण्याच्या पाण्यातून फुलं वाढवायला सांगणार नाही. पण तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी रोज तांब्या-दोन तांबे निघतंच. तेवढं ताजं ताजं घातलं तर रेन लिलीच्या सगळ्या कुंड्या त्यावर निघतात. मीठ पडलेलं किंवा साबणाचं पाणी घालू नका. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण हल्ली घरोघरी पाणी शुद्ध करायचं यंत्र आलंय: त्यातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी कुंडीत नको. बोअरचे सगळे क्षार त्यात दाट होऊन उतरलेले असतात. त्यानं फरशी पुसा.

पांढरी पावसाळी लिली मिळाली तर ती वेगळ्या कुंडीत लावा. तिची पात गोलसर, सुईसारखी आणि बारमाही हिरवी असते. तिला गुलाबीइतका कोरडेपणा मानवत नाही, थोडी ओल सतत लागते. फुलते ती भाद्रपदाच्या आसपास. दोघींना एका कुंडीत घातलं तर एकीच्या सोयीचं पाणी दुसरीला त्रासाचं होतं. पिवळी गुलाबीसारखीच वागते.

दुसरं नाव भुईचाफ्याचं. ही आपली देशी वनस्पती, हळदीच्या कुळातली, त्यामुळं काटेकोर बोलायचं तर कंद नव्हे, गड्डा. चैत्र-वैशाखात, जेव्हा कुंडीत नुसती कोरडी माती दिसत असते, तेव्हा जमिनीला लागूनच पांढरं-जांभळं फूल उमलतं. पानं नंतर, पावसाबरोबर येतात. वास इतका गोड की संध्याकाळी गच्चीचं दार उघडलं तरी कळावं. ती पाणी फारसं मागत नाही. फाल्गुनाच्या शेवटी एकदा भिजवायचं, मग माती अगदी भाजून निघू नये इतपत. पण पावसाळ्यात फुटणारी पानं रुंद आणि पातळ असतात, मावळतीच्या उन्हात कडा जळतात. कुंडी पूर्वेच्या भिंतीशी ठेवा. दिवाळीनंतर पानं झोपली की कुंडी तशीच कोपऱ्यात सरकवून द्या, आणि वर पाटी लावून ठेवा. रिकामी कुंडी समजून त्यात कुणीतरी कोथिंबीर पेरतं आणि गड्डा पाण्यानं जातो.

मे महिन्यात चेंडूएवढं लालभडक फूल देणारी फुटबॉल लिली तुम्ही कुठंतरी पाहिली असेलच. आफ्रिकेतली आहे. वर्षातून एक कंद एकच चेंडू देतो. दहा इंची कुंडी, थोडी सावली, हिवाळ्यात कोरडी विश्रांती, आणि उगाच उकरून बघायचं नाही. एवढं पाळलं की ती दरवर्षी न चुकता येते. मोठ्या फुलांची अमरिलिस लिलीही उन्हाळ्यातच फुलते, पण तिचे कंद मुठीएवढे असतात. तुम्ही लहान कुंडीचं विचारलंत, म्हणून ती सध्या बाजूला ठेवू.

निशिगंधाचा मोह होईल. झालाच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये लावलेला कंद साधारण तीन-चार महिन्यांनी दांडा टाकतो, म्हणजे श्रावण-भाद्रपदात घर भरून वास. पण तो खादाड आहे, पाणीही रेन लिलीच्या कितीतरी पट मागतो. तुमच्याकडं टँकर आहे तोवर एकच बारा इंची कुंडी, आणि लागवडसुद्धा मृगाच्या पावसावर. फूल थोडं उशिरा येईल, चालेल. कंद घेताना लिंबापेक्षा किंचित लहान, टणक असे निवडा. बोराएवढे कंद पहिल्या वर्षी नुसती पात देतात. वास हवा असेल तर एकेरी फुलांचा घ्या. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेली 'प्रज्वल' ही एकेरी जात रोपवाटिकांमध्ये मिळते. आणि हे ध्यानात ठेवा की निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. पुढच्या वर्षी फुलतात ती त्याच्या भोवतीची पिल्लं. बरेच जण फुललेला मूळ कंद जपतात आणि पिल्लं बारकी म्हणून फेकून देतात, मग वर्षभर फुलाची वाट बघतात.

आता माती आणि भांडं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठवाड्यातल्या कुंडीचं निम्मं भवितव्य इथंच ठरतं.

शेतात काळी माती सोनं आहे. कुंडीत तीच माती नुसती भरली तर उन्हात आकसते, कडेनं भेगा पडतात, आणि घातलेलं पाणी भेगेतून सरळ खाली जातं. वरून कुंडी भिजल्यासारखी दिसते, मधला गोळा कोरडाच. पावसात उलट होतं, चिखल. म्हणून काळी माती तीन भागांतला एकच भाग घ्या, वाळवून, फोडून, चाळून. दुसरा भाग जाड वाळू. वाळू महाग झालीय, तेव्हा वीटभट्टीवरचा किंवा बांधकामावरचा विटांचा चुरा चालतो, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यातली अगदी पीठ झालेली धूळ चाळून काढा. तिसरा भाग जुनं, कुजलेलं, मातीचा वास येणारं शेणखत किंवा गांडूळखत. कोकोपीटचा हल्ली फार गवगवा आहे. कंदांसाठी मी ते वापरत नाही. मिश्रण तयार झालं की मुठीत ओलं करून दाबा आणि मूठ उघडा. गोळा बोटानं टोकरला की फुटला पाहिजे.

राखेचं कारण आता सांगते. आपली काळी माती आधीच चुनखडीकडं झुकणारी, अल्कधर्मी. बोअरचं पाणीही जड. कुंडीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. राख अल्कतेत भरच घालते. मग मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, नवी पात फिकट पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसायला लागते. ती दिसली तर खत वाढवू नका. मृगाचा पहिला चांगला पाऊस कुंड्यांमधून आरपार वाहू द्या. साठलेले क्षार पावसाच्या पाण्यानं जितके धुऊन निघतात तितके दुसऱ्या कशानं निघत नाहीत. पन्हाळीखाली पिंप ठेवून ते पाणी धरता आलं तर फारच चांगलं.

रंगाच्या बादल्या टाकून देऊ नका. पांढऱ्या असतील तर उत्तमच, काळ्या-निळ्या असतील तर बाहेरून चुना मारा किंवा ओलसर गोणपाट गुंडाळा. बुडाला पाच-सहा भोकं हवीत, करंगळी जाईल एवढी, आणि बुडापासून दोन बोटं वर कडेलाही दोन-तीन. बादली स्लॅबवर थेट ठेवू नका. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता सोडत राहतो. खाली दोन विटा ठेवल्या की वारं खेळतं आणि भोकंही बुजत नाहीत. तेलाचे पत्र्याचे डबे मात्र गच्चीवर नकोत, दुपारी त्यांना हात लावून बघा म्हणजे कळेल. मातीची कुंडी सगळ्यात गार राहते, कारण तिच्या अंगातून पाणी झिरपून उडत असतं; पण त्यामुळंच ती पाणीही जास्त पिते. टँकरच्या घरात मी मधला मार्ग काढते. लहान प्लास्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवायची आणि मधल्या फटीत वाळू किंवा सोयाबीनचं भुसकट भरायचं. आतली माती तापत नाही आणि ओलही टिकते.

सावलीसाठी विकतची हिरवी जाळी आणायलाच हवी असं नाही. तुरीच्या तुराट्यांचा तट्ट्या पश्चिमेच्या बाजूला उभा केला तरी दुपारनंतरचं ऊन अडतं, आणि तेच ऊन वाईट. सकाळचं ऊन या सगळ्या कंदांना हवंच असतं. अगदी अंधाऱ्या सावलीत फूल येणार नाही. पाणी सूर्य वर येण्याआधी द्या. नळीनं देत असाल तर उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी बादलीत काढा, ते हात भाजेल इतकं गरम असतं.

पाऊस सुरू झाला की काम उलटं होतं. तेव्हा बघायचं ते एवढंच की कुंडीत पाणी साचत नाही ना. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरे. फुलं संपल्यावर पात कुरूप दिसते म्हणून कापू नका, तिच्या वेण्याही घालू नका. पुढच्या वर्षीचं फूल ती पातच कंदात भरत असते. ती पिवळी पडून आपोआप गळेपर्यंत हात लावायचा नाही.

किडींपैकी दोन-तीनच सांगते. शेणखत कच्चं असेल तर त्यातून हुमणी येते, पांढरी, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली अळी, आणि ती मुळं खाते. म्हणून खत चाळून घ्यायचं. पातीच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्यानं पुसा, जास्त असेल तर निंबोळी तेल पाण्यात थोडं साबण घालून संध्याकाळी फवारा. गोगलगाय तुमच्या भागात नवी नाही. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीनची कोवळी रोपं शंखी गोगलगायींनी खाल्ली होती. कोवळी कळीही त्यांना आवडते. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री कुंड्यांजवळ ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी चिमट्यानं वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. कुंडीभोवती मीठ पसरायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. पाऊस ते मीठ कुंडीत नेतो.

कंद वेगळे करायची वेळ माघ-फाल्गुनात, झाड विश्रांतीत असताना. पण दरवर्षी नाही. कुंडी कंदांनी फुगून कडा ताणायला लागली, किंवा दाटीमुळं फुलं कमी झाली, की मग. काढलेले कंद कोरड्या वाळूत किंवा कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

आणि इथं तुमच्या नातीचा विषय येतो. रेन लिलीचा कंद दिसायला थेट लहान कांद्यासारखा, पण विषारी असतो. पोटात गेला तर उलट्या, जुलाब, लाळ गळणं असा त्रास होतो. फुटबॉल लिली, अमरिलिस, डॅफोडिल यांचंही तसंच. म्हणून हे कंद स्वयंपाकघरात, कांद्या-लसणाच्या टोपलीच्या आसपाससुद्धा ठेवायचे नाहीत. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि उंचावर टांगा. नात जिथं रांगते-चालते तिथं कुंड्या खाली नकोत. हाताळून झालं की हात साबणानं धुवा. शेळी-वासरू असेल तर त्यांच्याही तोंडी लागू देऊ नका.

कळलावी मात्र आत्ता घेऊ नका. फूल अप्रतिम असतं, ज्वाळेसारखं लाल-पिवळं, रानात पावसाळ्यात वेलीवर पाहिलं की नजर हलत नाही. पण तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं, आणि ते जीव घेऊ शकतं, मोठ्या माणसाचाही. दीड वर्षाच्या मुलाच्या घरात ती जोखीम घेण्याजोगी नाही. कुंपणाशी लावू, उंच ठेवू, असं म्हणूनही नाही. कुठल्याही कंदाचा तुकडा मुलाच्या तोंडात गेल्याचा संशय आला तर घरी मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. उरलेला तुकडा सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा.

मावशींना नाही म्हणताना अवघड वाटेल. ज्यांच्या परसात कळलावी आहे त्यांना रानातल्या कंदांचा सोस असतोच. भुईचाफा आहे का, एवढं त्यांना विचारा. असला तर पुढच्या फाल्गुनात एक गड्डा मागून घ्या आणि बदल्यात रेन लिलीची चार पिल्लं द्या.